बिटरेट किती ठेवायचा?

मंडळी, पनवेलच्या फडके नाट्यगृहात आपण व्याख्यान चित्रित केलं, तर वक्ता हलतो, मागचा पडदा स्थिर राहतो. कमी बिटरेटमध्ये भागतं. कर्नाळ्याच्या जंगलात पावसात हलणारी पानं टिपली, की तोच बिटरेट अपुरा पडतो, चित्रात चौकोन दिसू लागतात.

हिशोब असा: सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. दोन तासांचे ७२०० सेकंद, म्हणजे ७.२ गिगाबाइट. आकार ठरलेला असेल, तर बिटरेट ठरवून दोन फेऱ्यांत एन्कोड करावं. आकाराचं बंधन नसेल, तर एक्स२६४ मध्ये सीआरएफ १८ ते २३ ठेवावा. आकडा लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.

मूळ फाइल मात्र आपण जपायचीच. एन्कोड करताना गळलेला तपशील नंतर बिटरेट वाढवून परत येत नाही.