संघाचें वळण

एखाद्या शाळेचा क्रीडासंघ एके वर्षीं ढाल जिंकतो आणि पुढील वर्षीं पहिल्याच सामन्यांत गारद होतो, हा अनुभव कोणास नवा नाहीं. असें कां व्हावें, असें विचारिलें असतां उत्तर ठरलेलें असतें : चांगले खेळाडू शाळा सोडून गेले! हें उत्तर खरें आहे, परंतु अपुरें आहे. खेळाडू प्रत्येक संघांतून जातातच. मग कांहीं संघांचा लौकिक पिढ्यान् पिढ्या कसा टिकतो, याचा विचार आम्हीं येथें करण्याचें योजिलें आहे.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. १९३४-३५ सालीं सुरू झालेल्या रणजी करंडक स्पर्धेंतील पहिलें अजिंक्यपद मुंबईनें मिळविलें, आणि २०२३-२४ पर्यंत तें एकंदर ४२ वेळां मिळविलें. त्यांतहि १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सतत १५ वर्षें हा करंडक मुंबईकडेच होता. पंधरा वर्षांत शाळकरी मुलगा संसारी गृहस्थ होतो. अर्थात् आरंभींचे खेळाडू शेवटपर्यंत राहिले नाहींत, कर्णधारहि बदलले.

खरी कसोटी १९७१ सालीं लागली. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर व अशोक मांकड हे पांच मोहरे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडीजमध्यें होते. उरलेल्यांचें नेतृत्व सुधीर नाईक यांनीं केलें, आणि अंतिम सामन्यांत महाराष्ट्राच्या संघास नमवून करंडक राखला. मोठे खेळाडू नाहींत ही सबब त्यांस सांगतां आली असती. ती त्यांनीं सांगितली नाहीं.

हें बळ कोठून आलें? एक कारण कांगा लीग. १९४८ सालीं सुरू झालेले हे सामने पावसाळ्यांतले. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधीं उसळतो, कधीं बसतो. तेथें नांवलौकिक कामास येत नाहीं. त्या चिखलांत कसोटी सामने खेळलेला गृहस्थ आणि मिसरूड न फुटलेला मुलगा एकाच क्लबांतून खेळत. बळी सहजासहजीं देऊं नये, हें त्या मुलास व्याख्यानानें शिकवावें लागत नसे. तो तें डोळ्यांनीं पाहत असे. मुंबईचा खेळाडू 'खडूस' म्हणून ओळखला जातो, तो यामुळेंच.

दुसरें कारण बारीकसारीक गोष्टींची निष्ठा. बापू नाडकर्णी यांनीं १९६४ सालीं मद्रास येथें इंग्लंडविरुद्ध सलग १३१ चेंडूंवर एकहि धांव दिली नाहीं. सरावाच्या वेळीं खेळपट्टीवर नाणें ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची त्यांची संवय प्रसिद्ध आहे. लोकांनीं पाहिला तो पराक्रम. त्यामागील एकट्यानें केलेला सराव पाहण्यास कोणी प्रेक्षक नव्हता.

तिसरें कारण पराभव पचविण्याची शक्ति. १९७३-७४ सालीं उपांत्य सामन्यांत कर्नाटकानें मुंबईस हरविलें व पंधरा वर्षांची मालिका तुटली. पुढल्याच वर्षीं अंतिम सामन्यांत त्याच कर्नाटकास हरवून मुंबईनें करंडक परत आणला.

येथें आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वीं एका शाळेंत संघाची व्यवस्था आमच्याकडे असतांना दोन कुशल मुलांस सरावास उशिरा येण्याची मुभा आम्हीं दिली होती. त्या वर्षीं सामने जिंकले. पुढील वर्षीं तीं मुलें निघून गेलीं, तेव्हां मागें राहिली ती उशिरा येण्याची संवय. धाकट्या मुलांना त्यांची फलंदाजी उचलतां आली नव्हती. त्यांची सवलत मात्र त्यांनीं बरोबर उचलली होती. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता.

विद्यार्थीमित्रहो, ही गोष्ट क्रिकेटपुरतीच नाहीं. वर्गांत, घरांत, पुढें कचेरींत किंवा कारखान्यांत तुम्ही जें काम कराल, तें तुमच्या मागून येणारा कोणीतरी पाहत असतो. हुशारी ज्याची त्याच्याबरोबर जाते. वळण मात्र मागें राहतें. या वर्षीं शाळा सोडून जाणाऱ्यांनीं आपण धाकट्यांसाठीं कोणतें वळण ठेवून जात आहों, एवढें एकदां स्वतःस विचारावें.