मारुती व्हॅनची पस्तीस वर्षे

टेकडीवरच्या फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे गिरडला हिंदू-मुसलमान भाविकांचा राबता असतो. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावाला रेल्वे नाही. नवस फेडायला यायचे तर एसटी, नाहीतर भाड्याची जीप. आजीपासून तान्ह्या नातवापर्यंत सगळ्यांनी घरच्याच गाडीत यावे, ही सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती मारुती व्हॅनने. १९८४ साली आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली. आज मागे वळून पाहिले की जाणवते, तिचे गुण आणि तिच्या उणिवा एकाच रचनेच्या पोटी जन्मले होते.

इंजिन मारुती ८०० चेच, ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. पण ते पुढच्या सीटखाली बसवले होते. बॉनेटची जागा वाचली आणि जेमतेम ३.३७ मीटर लांबीत आठ आसने मावली. १९८८ मध्ये कंपनीने तिचे नाव ‘ओम्नी’ केले, तरी लोकांच्या तोंडी ती व्हॅनच राहिली. सरकत्या दारामुळे बाजाराच्या गर्दीतही म्हाताऱ्या माणसांना सहज उतरता येई. मागची सीट दुमडली की धान्याची पोती जात. इंजिन ओळखीचे असल्याने तालुक्याच्या मिस्त्रीकडेही दुरुस्ती होई. म्हणूनच कुटुंबाची ही गाडी शाळेची झाली, रुग्णवाहिकाही झाली.

विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र तीच रचना छळायची. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना सीटखालचे इंजिनही तापे. गाडी हलकी आणि बाजू सपाट, त्यामुळे जाम गावाहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर शेजारून भरधाव ट्रक गेला की ती हेलकावत असे. माणसे भरली की चार गिअरांचे लहान इंजिन चढावर दमे. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमुळे खड्ड्यांचे धक्के थेट पाठीला बसत.

सगळ्यात मोठी उणीव चालकाच्या पायांपुढे होती. तिथे धडक झेलणारे बॉनेट नव्हते, पत्रा तेवढा होता. आठ जणांच्या गाडीत बारा मुले कोंबणे आणि घरगुती सिलिंडरवर गाडी पळवणे हे दोष वापरणाऱ्यांचे. त्यांनी धोका आणखी वाढवला.

मारुतीचीच २००१ मध्ये आलेली मोठी व्हॅन ‘वर्सा’ फारशी चालली नाही. २०१० मध्ये तिच्याच बांध्यावर ‘ईको’ आली आणि लोकांनी ती उचलून धरली. पण २०१६ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही धडक-चाचणीचे नियम लागू झाले. जुन्या बांध्याची ओम्नी त्याआधीच थांबली. २०२५ मध्ये ईकोत सहा एअरबॅग आल्या.

व्हॅनने लाखो घरांना एकत्र प्रवास दिला, त्याचे ऋण मानायलाच हवे. पण स्वस्त गाडीतल्या माणसांचा जीवही स्वस्त, हा हिशेब आपण फार वर्षे चालू दिला. कमी किमतीच्या कुटुंबगाडीतही सुरक्षितता असू शकते, तर ती पहिल्या दिवसापासून मागायला हवी होती. पुढची गाडी घेताना किती माणसे मावतात हे विचारण्याआधी प्रत्येकाला सीटबेल्ट आहे का, हे आपण विचारले पाहिजे.