तीन खात्यांच्या मधले मूल

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याला वीस वर्षे पूर्ण झाली. या कायद्याचा हिशेब मांडताना सहसा अर्ज किती आले, आदेश किती निघाले आणि संरक्षण अधिकाऱ्यांची पदे किती रिकामी राहिली, एवढेच मोजले जाते. ज्या घरांतून हे अर्ज आले त्या घरांतील मुलांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या हिशेबात क्वचितच उमटतो. त्यातच २०२३ पासून १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्याकडून काढून टप्प्याटप्प्याने शासकीय नियंत्रण कक्षांकडे सोपवण्यात आली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. व्यसन, मारहाण आणि मानसिक आजार ही तीन संकटे एकाच घरात एकमेकांच्या हाताला धरून येतात आणि म्हणून त्या घराकडे अखंड पाहावे लागते, ही जाण महाराष्ट्रात एका दशकापुरती रुजू लागली होती. तिचे पुढे जे झाले ते पाहता २०२३ चा बदल अनपेक्षित म्हणता येत नाही.

त्या दशकाआधीच्या साठ वर्षांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. १९२४ चा मुंबई बालक अधिनियम, १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी, १९४८ चा नवा अधिनियम आणि गावोगावची रिमांड होम या साऱ्यांमागे एकच समजूत होती: घर वाईट असेल तर मूल उचलून संस्थेत ठेवावे. दारूचा प्रश्न १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाकडे, म्हणजे पोलिसी कारवाईकडे गेला, आणि मानसिक आजार १९१२ च्या, वेड्यांना समाजापासून दूर ठेवण्यासाठी रचलेल्या कायद्याच्या ताब्यात १९९३ पर्यंत राहिला. बायकोला होणारी मारहाण तर कोणत्याच खात्याची नव्हती, ती घरातली बाब होती. तिच्यावरचा सर्वमान्य तोडगा म्हणजे पोरांच्या तोंडाकडे पाहून दिवस काढण्याचा सल्ला, जो माहेरची माणसे, सासरची माणसे आणि ठाण्याचे हवालदार एकाच सुरात देत असत.

रेंगाळावे असा काळ १९८४ ते १९९६ चा आहे. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याची व सासरच्यांची क्रूरता हा प्रथमच स्वतंत्र गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच छताखाली बसेल, परंतु पोलीस नसेल, ही त्यातील कल्पना साधी आणि फार दूरदृष्टीची होती. तक्रार घेऊन आलेल्या बाईला बसायला जागा मिळत असे, तिचे बोलणे तोडले जात नसे आणि गरज पडल्यास कार्यकर्ती तिच्यासोबत घरी जात असे. अशा गृहभेटीत, म्हणजे कुटुंब राहते तेथे जाऊन केलेल्या पाहणीत, जे दिसते ते ठाण्याच्या बाकावर कधीच दिसत नाही, कारण तक्रार बाई सांगते, पण मोडलेल्या कपाटामागे उभे असलेले मूल घरी गेल्यावरच भेटते.

याच सुमारास मुंबई-पुण्यात गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगर या अशुद्ध हेरॉइनचे व्यसन पसरले. लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, कारण डॉ. सुनंदा अवचट तेथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. जागेची सोय म्हणून घडलेल्या या गोष्टीला आज मागे वळून पाहताना वेगळे महत्त्व येते. व्यसन हा आजार आहे, तो एकट्याचा नसून कुटुंबाचा आहे, आणि व्यसनी माणसाची पत्नी ही उपचाराची प्रेक्षक नसून स्वतः आधाराची हक्कदार आहे, हा विचार तेथे प्रत्यक्षात आणला गेला; पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट त्यातूनच उभा राहिला. १९८९ मध्ये पुणे आणि मुंबई येथे कौटुंबिक न्यायालये आली आणि त्यांच्यासोबत विवाह समुपदेशक आले. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. १९९६ मध्ये, पुन्हा टाटा समाजविज्ञान संस्थेतूनच, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन ही मदतवाहिनी सुरू झाली आणि रेल्वे फलाटांवरच्या मुलांना दहा-नऊ-आठ हा क्रमांक तोंडपाठ झाला. फलाटावरचे मूल घरातून पळालेले असते, आणि ते का पळाले याची चौकशी करू लागले की पुष्कळदा दारू, मार किंवा आईचे न कळणारे आजारपण समोर येते.

या दशकाचे कौतुक करताना त्यातील उणिवा झाकण्याचे कारण नाही. स्त्री-चळवळीतील अनेकींना मुलांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडण्याची धास्ती वाटे, कारण मुलांचे नाव काढताच बाईला पुन्हा आईपणाच्या खुंटीला बांधले जाते, हा अनुभव ताजा होता. ती धास्ती निराधार नव्हती, पण तिची किंमत मुलांनी मोजली. दारूबंदीच्या आंदोलकांचे गणित याहून सोपे होते: बाटली गेली की घर सावरेल. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली, तिच्यामागे स्त्रियांचे मोठे बळ होते आणि त्या बळाबद्दल आदरच राखला पाहिजे. तरीही दारू सुटलेला नवरा मारणे सोडतोच असे नाही, हे समुपदेशकांना ठाऊक असलेले सत्य व्यासपीठांवर फारसे कोणी सांगितले नाही. आणि ‘समेट’ घडवल्याचे आकडे अहवालात मिरवणाऱ्या अधिकाऱ्यांना तर समेटानंतरच्या पहिल्या रात्री त्या घरात काय घडते, याची चौकशी करण्याची कधी गरजच वाटली नाही.

तिन्ही धाग्यांत सर्वांत दुबळा राहिला तो मानसिक आजाराचा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये जाहीर झाला होता, परंतु त्याचा विचार रुग्णापाशी सुरू होऊन रुग्णापाशीच संपत असे. कॅनडातील कॅल्गरीत प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरातील अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या कुटुंबांसाठी काम उभे केले, आणि ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून आला. तेव्हापासून रुग्णाची काळजी वाहणाऱ्या नातेवाइकांचा विचार होऊ लागला. पण काळजी वाहणारी व्यक्ती दहा वर्षांची असू शकते, हे मात्र कोणाच्या रचनेत बसले नाही.

असे मूल ओळखणे अवघडही असते. चाळीच्या जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून वडील आज किती पिऊन आले आहेत हे अशा मुलीला कळते. आईने भिशीचे पैसे तिच्या दप्तरात लपवलेले असतात. आवाज चढला की धाकट्याला घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. आईच्या गोळ्यांच्या वेळाही तिलाच पाठ असतात. मानसशास्त्रात याला पालकत्वाची उलटापालट म्हणतात, म्हणजे मूल आपल्याच आईबापांचे पालक होते. शाळेत मात्र ती शांत, समंजस, वयापेक्षा शहाणी म्हणून नावाजली जाते, आणि जे लक्षण म्हणून नोंदवायला हवे ते प्रगतिपुस्तकात गुण म्हणून नोंदवले जाते. अमेरिकेत सान दिएगो येथे नऊ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बालपणीच्या अशा प्रतिकूल अनुभवांची मोजदाद केली. घरातील व्यसन, घरातील मानसिक आजार आणि आईला होणारी मारहाण ही तिन्ही त्या यादीत होती; चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव वाट्याला आलेल्यांत पुढे मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या चौपट ते बारापट आढळला. येथील समाजकार्यकर्त्यांना गृहभेटींतून जे दिसत होते त्याला आकड्यांचा आधार मिळाला, पण तो येईपर्यंत गृहभेटीच मागे पडू लागल्या होत्या.

त्यानंतर कायद्यांचा काळ आला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००९ ची एकात्मिक बाल संरक्षण योजना, बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो, २०१५ चा बाल न्याय अधिनियम आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हे सारे आवश्यक होते आणि त्यांतील तरतुदी वाचताना समाधान वाटावे अशा आहेत. २००५ च्या कायद्याचे एकविसावे कलम मुलांचा तात्पुरता ताबा पीडितेला देऊ शकते. २०१७ च्या कायद्यानुसार उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा वेगळे करता येत नाही. २०१५ च्या अधिनियमानुसार, पालक सांभाळण्यास असमर्थ असल्याचे आढळले तर मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते, त्याचा निर्णय अध्यक्ष आणि चार सदस्यांची बाल कल्याण समिती करते आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो. पॉक्सोने लैंगिक अत्याचाराला वाचा फोडली हे त्याचे मोठे श्रेय आहे. परंतु त्यानंतर बालसंरक्षण म्हणजे पॉक्सो, असे समीकरण प्रशिक्षणांपासून वृत्तपत्रांपर्यंत रूढ झाले, आणि ज्या घरात गुन्हा म्हणावा असे मुलाविरुद्ध काही घडत नाही, पण बालपण रोज झिजते, ते घर सगळ्यांच्याच नजरेतून सुटले.

घर मात्र खात्यांत वाटले गेले. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे, हिंसाचार महिला व बालविकासाकडे, मानसिक आजार सार्वजनिक आरोग्याकडे, आणि दारूच्या विक्रीतून येणारा महसूल राज्य उत्पादन शुल्काकडे. २००५ च्या कायद्याखालील कौटुंबिक घटना अहवालात मुलांसाठी चार रकान्यांचा तक्ता आहे: नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाकडे राहते. मुलाने काय पाहिले, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.

१०९८ च्या हस्तांतराचे दुखणे याच वाटणीतले आहे. पूर्वी फोन आला की जवळच्या संस्थेच्या कार्यकर्त्याने साठ मिनिटांत पोहोचावे असा दंडक होता. तो सर्वत्र पाळला जात असे, असा दावा कोणी करू नये, पण जाणारा माणूस त्या वस्तीत आधीपासून ओळखीचा असण्याची शक्यता मोठी होती. आज क्रमांक तोच आहे, आणि मिशन वात्सल्य या योजनेखालील जिल्हा बाल संरक्षण कक्षांतील कंत्राटी कर्मचारी आपल्या परीने धावपळही करतात; परंतु ओळख नियंत्रण कक्षातून पाठवता येत नाही. बाल संगोपन योजनेतून तीव्र वैवाहिक बेबनाव आणि दुर्लक्ष यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांनाही महिना २,२५० रुपये मिळू शकतात, पण तो अर्ज त्या घरापर्यंत घेऊन जाणारा माणूस योजनेत कोठेच नाही.

तूर्त नव्या कायद्याची गरज नाही. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोरुग्णालयात माणूस दाखल होताना त्याच्या केस पेपरवर घरात मुले किती आणि आज रात्री ती कोणापाशी आहेत, हे दोन प्रश्न विचारले जावेत, आणि त्यांची उत्तरे, कुटुंबाच्या संमतीने, त्याच आठवड्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावीत. त्यासाठी सामाजिक न्याय, महिला व बालविकास आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही खात्यांच्या सचिवांनी एका परिपत्रकावर सह्या कराव्यात.