कटाचा पत्ता

‘डेउस एक्स’ हा गेम जून २०००मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यातल्या न्यूयॉर्कच्या देखाव्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे नव्हते. कारण तांत्रिक होतं. मेमरी पुरेना, म्हणून इमारतींचं अर्धंच चित्र घेऊन तेच उलटं करून जोडलं गेलं, आणि मनोरे नेमके गाळलेल्या भागात राहिले. कुणी विचारलंच तर ‘अतिरेक्यांनी पाडले’ म्हणायचं, एवढी सबब गेम बनवणाऱ्या आयन स्टॉर्मच्या मंडळींनी तयार ठेवली होती. सव्वा वर्षाने ती सबब खरी ठरली. कटांवरचा गेम मग स्वतःच कटाचा ‘पुरावा’ म्हणून फिरू लागला.

वॉरन स्पेक्टरच्या या गेममध्ये इल्युमिनाटी, टेम्पलर, मॅजेस्टिक ट्वेल्व्ह, एरिया ५१ अशी सगळी मिसळ आहे. ‘एक्स-फाइल्स’च्या जमान्यात ती चवीने खाल्ली गेली, पटवून घ्यायची सक्ती कुणावरच नव्हती. गेमचं साल २०५२. ‘ग्रे डेथ’ ही महामारी मुद्दाम घडवलेली, आणि तिच्यावरची लस फक्त वरच्या वर्तुळाला. २०२०नंतर हा भाग खेळताना मजा उरत नाही. कथेतला शब्दही बदललेला नाही. बाहेर मात्र लाखो लोक तीच गोष्ट गंभीरपणे सांगत होते.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘मॅजेस्टिक’ या कटावरच्याच गेमचं हसू तर फार लवकर मावळलं. जुलै २००१मध्ये सुरू झालेला हा गेम खेळाडूला खरोखरच फोन करायचा, ईमेल आणि फॅक्स पाठवायचा. ११ सप्टेंबरनंतर तो काही काळ थांबवावा लागला आणि पुढच्या वर्षी कायमचा बंद झाला. ‘असॅसिन्स क्रीड ३’ची गत जरा विनोदी: ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या गेमने जगबुडीचा मुहूर्त २१ डिसेंबर २०१२ धरला होता. दोन महिन्यांच्या आत माल शिळा!

पाळतीचं भाकीत मात्र टिकलं. ‘डेउस एक्स’मधली एशेलॉन ही संदेश चोरून ऐकणारी यंत्रणा कल्पित नव्हती, २००१मध्ये युरोपीय संसदेच्या अहवालाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१३मध्ये स्नोडेनने त्याहून बरंच काही उघड केलं. पॅरिसमधल्या एका घरात दडवलेला मॉर्फियस हा संगणक नायकाला सांगतो की, माणसाला कुणीतरी आपल्याकडे पाहत राहावं असंच वाटतं. हा संवाद चुकवूनही गेम पूर्ण करता येतो. आज तोच सर्वांत ताजा वाटतो.

या गेमांची खरी अडचण अशी की, त्यांच्यातल्या कटाला पत्ता लागतो. ‘डेउस एक्स’चा खलनायक बॉब पेज एरिया ५१च्या तळघरात सापडतो, कारण शेवटी नायकाला कुठेतरी पोहोचायचं असतं. कारस्थान कितीही अफाट असो, ते एका दारामागे बसवावं लागतं.

हिदेओ कोजिमाच्या ‘मेटल गिअर सॉलिड २’ने (नोव्हेंबर २००१) तो पत्ताच देण्याचं नाकारलं. अजस्र यान मॅनहॅटनवर आदळतं ते दृश्य हल्ल्यानंतर कापलं गेलं. तरी गाभा वाचला. अखेरीस पडद्यामागची यंत्रं सांगतात की, लपवण्याची गरजच नाही, निरुपयोगी माहितीचा ढीग वाढतोय आणि जो तो आपल्या सोयीच्या सत्याच्या डबक्यात बसलाय. त्या काळी अनेकांना हे कंटाळवाणं प्रवचन वाटलं. आधीचा नायक स्नेकऐवजी नवखा रायडन गळ्यात मारल्याचा राग होताच. श्रेयनामावलीनंतर कथेत हाती लागलेल्या डिस्कवरची नावं उलगडतात: देश चालवणारे बारा जण. तपासल्यावर कळतं, बाराही जण शंभर वर्षांपूर्वीच वारलेले आहेत.