विश्लेषण : दुसऱ्या सत्रातील कॅल्क्युलस अवघड का जाते? गगनबावड्याचा पाऊस, धरणाचे क्युसेक आणि वीज मीटरमधून समजून घ्या…

बारावीला गणितात चांगले गुण मिळालेले अनेक विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात दुसऱ्या सत्राच्या गणिताला अडखळतात. विज्ञान असो वा अभियांत्रिकी, ‘इंटिग्रेशन’ आणि त्यापुढचा भाग आला की एटीकेटीची भीती सुरू होते. गगनबावड्यासारख्या दुर्गम, अतिपावसाच्या तालुक्यातून कोल्हापूरला शिकायला जाणाऱ्यांच्या वाट्याला यात आणखी काही अडचणी येतात. हा विषय नेमका काय आहे, तो का अडतो आणि त्यातून मार्ग कसा काढता येतो, याविषयी…

दुसऱ्या सत्रात नेमके काय शिकवतात?

कॅल्क्युलसचे ढोबळमानाने दोन भाग आहेत. पहिला डिफरन्सिएशन, म्हणजे विकलन. एखादी गोष्ट या क्षणाला किती वेगाने बदलते आहे, हे त्यातून कळते. दुसरा इंटिग्रेशन, म्हणजे संकलन. बदलत्या वेगाने साचत गेलेली गोष्ट एकूण किती झाली, हे त्यातून मिळते. मराठी विश्वकोशात यांनाच अवकलन आणि समाकलन म्हटले आहे. पारंपरिक क्रमानुसार पहिल्या सत्रात विकलन आणि दुसऱ्या सत्रात संकलन, त्याचे उपयोग, अनंत श्रेणी व विकलक समीकरणांची ओळख असा भाग येतो. विद्यापीठ, शाखा आणि स्वायत्त महाविद्यालयानुसार हा क्रम बदलतो. त्यामुळे आपला अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून आधी पाहून घेणे चांगले.

पावसाचा आणि संकलनाचा काय संबंध?

कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस गगनबावडा तालुक्यात पडतो. ‘२४ तासांत इतके मिलिमीटर’ हा आकडा पावसाळ्यात रोज बातम्यांत असतो. पण पाऊस काही २४ तास एकाच जोराने पडत नाही. समजा, पहिल्या तासात १० मिमी, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात ४० आणि चौथ्यात १५ मिमी पाऊस झाला. आलेखावर हे चार उभे स्तंभ होतील. त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज ९० मिमी, हाच एकूण पाऊस.

प्रत्यक्षात पावसाचा जोर मिनिटामिनिटाला बदलतो. मग तासाऐवजी मिनिटाचे, सेकंदाचे स्तंभ घ्यावे लागतात. स्तंभ जितके बारीक, तितके उत्तर अचूक. ही बारीक करत जाण्याची क्रिया शेवटपर्यंत नेली की जे उत्तर मिळते, त्याला संकल म्हणतात. ‘आलेखाखालचे क्षेत्रफळ’ हे पुस्तकातले वाक्य इतकेच सांगते.

हा हिशेब लहान नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटर परिसरात १०० मिमी पाऊस झाला तर ते १० कोटी लिटर होते. हेच पाणी ओढ्या-नाल्यांतून कुंभी नदीत आणि पुढे पंचगंगेत उतरते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठली जाते, त्यामागे घाटमाथ्यावरची हीच बेरीज असते.

क्युसेक आणि टीएमसीमध्ये फरक काय?

बातम्यांतील हे दोन शब्द म्हणजे कॅल्क्युलसचे दोन भागच. क्युसेक हा वेग आहे : सेकंदाला किती घनफूट पाणी. टीएमसी हा साठा आहे : एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. वेगाचे संकलन केले की साठा मिळतो आणि साठ्याचे विकलन केले की वेग.

राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक विसर्ग होतो. एक दरवाजा तासभर उघडा राहिला तर ५१ लाख ४० हजार ८०० घनफूट पाणी बाहेर पडते. आता समजा, एका दिवसात सहा तास एक दरवाजा, नंतरचे दहा तास तीन आणि उरलेले आठ तास दोन दरवाजे उघडे होते. सहा, तीस आणि सोळा मिळून ५२ ‘दरवाजा-तास’ झाले. म्हणजे सुमारे २६.७ कोटी घनफूट, अर्थात ०.२७ टीएमसी पाणी गेले. हा हिशेब ज्याला जमला, त्याने संकलन केले. पुढे फक्त विसर्ग टप्प्याटप्प्याने न बदलता सलग बदलतो, एवढाच फरक.

‘मूलभूत प्रमेय’ कशासाठी?

दर वेळी असंख्य स्तंभांची बेरीज करायची म्हटली तर आयुष्य पुरणार नाही. इथे कॅल्क्युलसचे मूलभूत प्रमेय मदतीला येते. ते समजायला घरचे वीज बिल पुरेसे आहे. महिनाभरात घरातला विजेचा वापर सतत कमी-जास्त होतो. कधी एक बल्ब, कधी मिक्सर, कधी पाण्याची मोटर. तरीही बिल काढताना कोणी क्षणाक्षणाचा हिशेब मांडत नाही. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले की वापरलेली युनिट मिळतात.

संकलनातही तेच होते. दिलेला वेग ज्याचा आहे, असे ‘मीटर’ शोधायचे. त्याच्या शेवटच्या रीडिंगमधून सुरुवातीचे वजा करायचे. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायबनिट्स यांनी या दोन क्रियांचे परस्परनाते व्यापकपणे वापरात आणले आणि त्यातून आजचे कॅल्क्युलस उभे राहिले.

मग अडचण कुठे येते?

अडचण हे ‘मीटर’ शोधण्यात आहे. विकलनाला ठरलेले नियम आहेत. गुणाकार असो, भागाकार असो, नियम लावत गेले की उत्तर येतेच. संकलनात तसे नाही. तीन उदाहरणे पाहा. ‘२क्ष गुणिले कोसाइन क्ष वर्ग’ याचे संकलन आदेश पद्धतीने, म्हणजे सबस्टिट्यूशनने एका ओळीत होते. उत्तर ‘साइन क्ष वर्ग’. ‘क्ष गुणिले कोसाइन क्ष’ याला खंडशः संकलन, म्हणजे ‘बाय पार्ट्स’ लागते. उत्तर ‘क्ष साइन क्ष अधिक कोसाइन क्ष’. आणि नुसते ‘कोसाइन क्ष वर्ग’ (क्षचा वर्ग करून त्याचे कोसाइन) घेतले, तर त्याचे उत्तर नेहमीच्या फलांमध्ये लिहिताच येत नाही. प्रश्न दिसायला सख्खी भावंडे, वागणूक मात्र तीन तऱ्हांची.

म्हणजे दुसऱ्या सत्रात कसोटी सूत्रे पाठ असण्यापेक्षा कोणते सूत्र कुठे लावायचे, या निर्णयाची असते. बारावीला ‘या प्रकरणातला प्रश्न’ म्हणून पद्धत आधीच ठाऊक असते. इथे ती स्वतः ओळखावी लागते.

दुसरा अडथळा अनंत श्रेणींचा. एक द्वितीयांश, एक चतुर्थांश, एक अष्टमांश अशी बेरीज कितीही लांबवली तरी ती एकच्या पुढे जात नाही. पण एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश ही बेरीज मात्र कोणतीही मर्यादा ओलांडते, जरी पदे लहान होत जातात. ती इतकी संथ वाढते की दहाचा आकडा ओलांडायला १२,३६७ पदे घ्यावी लागतात. ‘पदे शून्याकडे गेली म्हणजे बेरीज थांबते’ हा समज इथे चुकतो आणि गुणही जातात.

गगनबावड्याच्या विद्यार्थ्यांपुढे वेगळे काय?

गगनबावड्याहून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. विज्ञान, अभियांत्रिकीसाठी अनेकांना रोजची एसटी किंवा शहरात खोली, यातून निवड करावी लागते. अतिवृष्टीत मांडुकलीसारख्या ठिकाणी रस्त्यावर पाणी आले की कोल्हापूर-गगनबावडा मार्ग बंद पडतो. पहिले सत्र नेमके पावसाळ्यात येते. सीमा, सातत्य, विकलन, साखळी नियम हा पाया त्याच काळात शिकवला जातो. दुसरे सत्र उन्हाळ्याकडे झुकते, रस्ता मोकळा असतो, पण पावसाळ्यात बुडालेल्या तासांची उणीव तेव्हा जाणवते. इंटिग्रेशन समजत नाही असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात विकलन कच्चे असण्याचीच शक्यता जास्त.

नव्या शैक्षणिक धोरणातील क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन. दोन क्रेडिटचा पेपर ३० तासांत संपतो. त्यातले सहा तास बुडाले तर विषयाचा पाचवा हिस्सा गेला.

भाषेचाही प्रश्न आहे. मराठी माध्यमात दहावी केलेल्यांना अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. ‘कन्व्हर्जन्स’ म्हणजे अभिसरण, बेरीज एका ठरावीक संख्येजवळ येऊन स्थिरावणे, एवढे मराठीत कळले तरी निम्मा गुंता सुटतो. संज्ञा परक्या वाटल्या म्हणून कल्पनाही परकी ठरत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ. स. ११५०) या ग्रंथात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार मांडला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पायची किंमत अनंत श्रेणीने काढण्याची रीत केरळमधील माधव यांच्या परंपरेत युरोपच्या खूप आधी होती. आणि ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचाच.

तयारी कशी करावी?

- सुरुवातीचे दोन आठवडे दुरुस्तीसाठी द्यावेत. त्रिकोणमितीची सूत्रे, आंशिक अपूर्णांक आणि साखळी नियम पक्के करावेत. बारावीच्या गणित भाग २ मधील विकलन व संकलनाची प्रकरणे यासाठी पुरेशी आहेत. बालभारतीच्या संकेतस्थळावर हे पुस्तक मोफत मिळते.
- रोज वीस उदाहरणे न सोडवता फक्त ‘कोणती पद्धत’ एवढे ठरवावे. हे काम एसटीच्या प्रवासातही होते. त्यातली पाच घरी पूर्ण सोडवावीत.
- प्रत्येक उत्तराचे विकलन करून पाहावे. मूळ प्रश्न परत आला तर उत्तर बरोबर. परीक्षेत स्वतःची चूक स्वतःला शोधता येते, ही सोय फार थोड्या विषयांत आहे.
- आलेख काढल्याशिवाय क्षेत्रफळाचे गणित सुरू करू नये. जिओजेब्रा हे मोफत अ‍ॅप मोबाइलवर चालते.
- घाटभागात नेटवर्कचा भरवसा नसतो. स्वयम, एनपीटीईएलवरील व्याख्याने शहरात असतानाच डाउनलोड करून ठेवावीत.
- तास बुडाला तर त्याच आठवड्यात मित्राची वही पाहून तो भाग भरून काढावा. पुढच्या तासाची इमारत त्यावरच उभी असते.

एटीकेटी लागली तर?

राहिलेल्या विषयासह पुढच्या सत्रात जाण्याची ती मुभा आहे. किती विषय राहिलेले चालतात, हे विद्यापीठ व अभ्यासक्रमानुसार ठरते. त्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी नियम पाहावेत, ऐकीव माहितीवर राहू नये. मात्र हा पेपर मागे ठेवणे महागात पडते. विकलक समीकरणे, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, अभियांत्रिकीचे पुढचे बहुतेक विषय संकलनावर उभे असतात. त्यामुळे एक राहिलेला पेपर पुढे दोन-तीन विषयांत त्रास देतो आणि काही जण गणित किंवा विज्ञानच सोडतात.

दरड, पूर, बंद रस्ता हे गगनबावड्याच्या मुलांच्या हातात नाही. पावसाळ्यात बुडालेला पाया डिसेंबर-जानेवारीत आठवणीने भरून घेणे मात्र त्यांच्या हातात आहे. पावसाचे मिलिमीटर आणि धरणाचे क्युसेक लहानपणापासून ऐकत आलेल्यांना संकलन तसे नवे नाही. त्याची लिहिण्याची भाषा तेवढी शिकायची आहे.