हुन्नर हातात आहे, प्रमाणपत्रही मिळवा

वडनेर भोलजीसारख्या हमरस्त्यावरच्या गावातून शिकलेली मुले बाहेर कामाला जातात, तेव्हा मोठ्या कंपन्या हुन्नराबरोबर कागदही मागतात. असा एक कागद म्हणजे ‘सीएपीएम’. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (स्थापना १९६९) ही परीक्षा घेते. पदवीची किंवा अनुभवाची अट नाही. बारावीपर्यंतचे शिक्षण आणि या विषयाचा २३ तासांचा अभ्यासक्रम पुरतो.

परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. नावे नवी वाटली तरी विषय आपल्या ओळखीचा आहे. घराचा स्लॅब पडला की सेंटरिंग निघेपर्यंत पुढची कामे थांबतात. तेवढ्यात सुतार दुकानात दारे तयार करतो. त्याला चार दिवस उशीर झाला तरी घर अडत नाही. स्लॅबला उशीर झाला तर सगळेच लांबते. जिथला उशीर सगळ्या कामाला भोवतो, त्या साखळीला परीक्षेत ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात.

२७ टक्के प्रश्न गिऱ्हाइकाची गरज नेमकी ओळखण्यावर असतात. व्यापाऱ्याच्या मुलाला हे वेगळे शिकवायला नको. खरी अडचण इंग्रजीची. म्हणून फजरच्या नमाजनंतर रोज एक तास इंग्रजी प्रश्नांचा सराव करावा. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये.

फी डॉलरमध्ये असते. ती व्याजाने पैसे काढून भरू नये. प्रमाणपत्राने नोकरीची हमी मिळत नाही, पण दार ठोठावण्याची हिंमत नक्की मिळते, असे आम्हाला वाटते.