संगणक घेण्याआधी अटी लिहा

सेवाग्रामला चरखा पाहणाऱ्या व्यापारी बंधूंनी 1929 सालची एक जाहिरात ध्यानात ठेवावी. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यास एक लाखाचे बक्षीस ठेवले. अटी आधी लिहिल्या: किंमत 150 रुपयांच्या आत, यंत्र 20 वर्षे टिकावे, सुट्या भागांचा सालाना खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये. कारखान्याचे नाव नाही, फक्त काम!

संगणकाच्या बाबतीत आपल्याकडे उलटे चालते. आधी यंत्र, मग काम. आम्ही म्हणतो, विणकर सोसायटीने आधी रोजची बिले, जीएसटी, थानांचा साठा मोजावा. दुरुस्ती किती तासांत, डेटा कोणाच्या ताब्यात, हेही करारात यावे.

किर्लोस्करांचे यंत्र संघाच्या कसोटीला उतरले नाही. संघाने बक्षीस दिले नाही.